फळी रिकामी होती

"आजोबा, बिल्ला खिळ्याला अडकवा आणि मगच खाली उतरा. इथला नियमच आहे तो," मार्गदर्शक बाई म्हणाल्या.

मिस्त्रींच्या तळहातावर पत्र्याचा एक गोल बिल्ला होता आणि त्यावर अकरा हा आकडा उमटवलेला होता. समोरच्या कातळाच्या भिंतीवर शिसवी फळी होती. तिच्यावर सहा-सहाच्या चार ओळींत चोवीस खिळे होते आणि प्रत्येकाखाली पांढऱ्या रंगात क्रमांक रंगवलेला होता. फळीला नवे रोगण चढले होते. पण तिच्या उजव्या कोपऱ्यातला ओरखडा तोच होता. तो कोणत्या पान्याने पडला, हे मिस्त्रींना ठाऊक होते; कारण पाना त्यांचाच होता. त्यांचा हात छातीपर्यंत वर आला आणि तिथेच थांबला.

"मागे रांग खोळंबलीये, भावजी," वहिनी हळूच म्हणाल्या. "बिल्लाच अडकवायचाय, तोफ नाही डागायची."

"हो, हो."

"आणि हा माझाही घ्या. माझा हात काही तिथवर पोचायचा नाही."

त्यांनी आपला बारा क्रमांकाचा बिल्ला मिस्त्रींच्या हाती दिला. एवढ्यात पलीकडून सेक्रेटरींचा आवाज आला, "मिस्त्री! अहो मिस्त्री! इकडे या आधी. फोटोवाला ताटकळलाय. तुमच्यासाठी तर सगळा घाट घातला आणि तुम्हीच मागे!" मिस्त्री गडबडले. दोन्ही बिल्ले त्यांनी कोटाच्या खिशात टाकले आणि ते लोखंडी दाराकडे वळले.

त्या डोंगराच्या पोटात युद्धकाळी एक रुग्णालय होते. वर एक लांब दालन आणि चौदा पायऱ्या उतरून खाली दुसरे. डोंगर अखंड पाझरत असे, म्हणून दोन पंप अहोरात्र चालू ठेवावे लागत. आणि ते चालू ठेवणारा तरुण मेकॅनिक म्हणजे मिस्त्री. युद्ध संपल्यावर ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लागले आणि चौतीस वर्षे पंपांचीच सेवा करून निवृत्त झाले. लग्न त्यांनी केले नाही. कोणी कारण विचारले, की म्हणत, "पंपाला सुट्टी नसते, मला कुठून असणार?" लोक हसत आणि विषय तिथेच मिटे.

आता त्या भुयाराचे युद्धस्मारक झाले होते. वर्षातून एक दिवस माजी सैनिकांच्या संघासाठी राखलेला असे. त्या दिवशी गावोगावचे लोक भुयार पाहायला येत आणि त्यांच्या देणग्यांतून वृद्ध, अपंग सैनिकांचे निवासगृह चाले. संघाचे सेक्रेटरी चार वर्षे मिस्त्रींच्या दारी आमंत्रण घेऊन येत होते आणि चारही वर्षे मिस्त्रींचे गुडघे नेमके त्याच आठवड्यात दुखत होते. या वर्षी संघाच्या पत्रिकेत बातमी आली, की बुडालेले खालचे दालन अखेर कोरडे करण्यात यश आले असून गाळात सापडलेल्या वस्तू मांडून ठेवल्या आहेत. ती बातमी मिस्त्रींनी तीनदा वाचली, पत्रिकेची घडी घातली आणि ती घेऊन ते वहिनींकडे गेले.

वहिनी म्हणजे जिराफाची पत्नी. जिराफ हा रुग्णालयात स्ट्रेचर वाहणारा शिपाई, मिस्त्रींचा जिवलग. उंची इतकी, की त्याच्या स्ट्रेचरवर चढलेला जखमी घसरगुंडीवर बसल्यासारखा पायाकडे सरकत जाई आणि पुढचा वाहक शिव्या देई. ज्या दिवशी भुयारावर बॉम्ब पडले, त्या दिवसापासून तो बेपत्ता होता. मृतांत नाही, जखमींत नाही, कैद्यांच्या यादीत नाही. आवारातही बॉम्ब पडले होते आणि तिथल्या काही देहांची ओळख पटण्यासारखी राहिलीच नव्हती. तो त्यांत असेल, असे कोणी म्हणे. कोणी म्हणे, शत्रूने धरून नेला असेल. सरकारी पत्रात एकच शब्द होता आणि त्या एका शब्दावर वहिनींनी एकेचाळीस वर्षे काढली होती.

मिस्त्री त्यांच्या शेजारच्या गल्लीत राहत. नळाचा वॉशर, मोरीचा पाइप, दाराची बिजागरी, सारे काही तेच पाहत. मात्र एका गोष्टीला त्यांना हात लावण्याची अनुज्ञा नव्हती. बाहेरच्या दाराचे कुलूप गंजून इतके जड झाले होते, की किल्ली फिरवताना वहिनींचा अंगठा सोलून निघे.

"बदलून देतो ना, वहिनी. पाच मिनिटांचं काम."

"नको. एक किल्ली यांच्याकडे आहे."

असा संवाद वर्षातून एकदा तरी होई आणि मिस्त्री किल्लीच्या छिद्रात दोन थेंब तेल सोडून परतत.

पत्रिका वाचून वहिनी म्हणाल्या होत्या, "मीही येते. जे असेल ते एकदाचं कळू दे. पण मला वाचायला दिसत नाही हो. तिथं काय काय मांडलंय ते तुम्हीच बघा आणि खरं ते सांगा. सांगाल ना?"

"सांगेन," मिस्त्री म्हणाले होते.

"हात चाकावर ठेवा. असं नाही, घट्ट धरा. आणि जरा हसा की राव!" सेक्रेटरी म्हणाले. "दोनशे माणसांचा जीव वाचवलात आणि चेहरा असा, जसं काही पंप चोरून नेताना पकडलाय!"

मंडळी हसली. मिस्त्रींनी लोखंडी दाराच्या चाकावर हात ठेवले. लोखंडाला नवा हिरवा रंग होता, पण बोटांखालच्या खाचा जिथल्या तिथे होत्या. दार हातभर जाड. आणि चाकाचे साडेअकरा फेरे पूर्ण झाले, की पाण्याचा थेंबही अलीकडे येत नसे.

मार्गदर्शक बाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्या गळ्यात अजून शिट्टी होती आणि आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा होता. "तर मंडळी, त्या दिवशी बॉम्बमुळे वरच्या ओढ्याची भिंत फुटली आणि सगळं पाणी खाली घुसलं. खालच्या जखमींना स्ट्रेचरवाल्यांनी आधीच वर आणलं होतं. आता हे दार लावलं नाही, तर पाणी वर चढणार आणि वरचे दोनशे जखमी अंथरुणातच बुडणार! पण खाली कोणी राहिलं असेल तर? ते कसं कळायचं? तर या फळीवरून! खाली जाणाऱ्यानं आपल्या गळ्यातला बिल्ला इथं अडकवायचा, वर आल्यावर परत गळ्यात घालायचा. या मिस्त्रींनी फळीकडे पाहिलं. फळी रिकामी होती. आणि मगच त्यांनी चाक फिरवलं. एकही माणूस आत राहिला नाही. म्हणून आम्ही आजही या फळीवरच भरवसा ठेवतो."

टाळ्या झाल्या. वहिनींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या मिस्त्रींच्या पाठीकडे पाहत होत्या.

बाईंनी सांगितले, त्यातला शब्द न् शब्द खरा होता. फळी रिकामी होती. मिस्त्रींनी ती एकदा नव्हे, दोनदा पाहिली होती. त्यांनी साडेअकरा फेरे पूर्ण केले, चाकावर कपाळ टेकले आणि तेव्हा दाराच्या पलीकडून तीन ठोके ऐकू आले. एक. दोन. आणि जरा वेळाने तिसरा. मागे दोनशे माणसे विव्हळत होती. मिस्त्रींचे हात चाकावर होते. चाक त्यांनी उलट फिरवले नाही. चौथा ठोका आला नाही. पाण्याबरोबर दगड-धोंडे वाहत येतात आणि ते दारावर आपटतात, असे त्यांनी त्याच क्षणी स्वतःला सांगितले. पुढे एकेचाळीस वर्षे, दररोज, निरपवाद, ते स्वतःला हेच सांगत आले होते. ठोक्यांविषयी त्यांनी कोणालाही कधी काहीही सांगितले नव्हते.

खाली ते सर्वांत शेवटी उतरले. वहिनींनी त्यांच्या कोटाची बाही धरली होती. "बारा... तेरा... चौदा," मिस्त्री मनाशी मोजत होते. पायऱ्यांची संख्या बदललेली नव्हती.

दालन लांब, बुटके आणि थंड होते. भिंतींवर पुरुषभर उंचीपर्यंत गाळाची करडी रेषा होती. मध्यभागी काचेची चार कपाटे ओळीने मांडली होती आणि मंडळी त्यांच्यावर वाकून पाहत होती. बाई वर्णन करीत पुढे चालल्या होत्या. हाडे वगैरे काही सापडले नाही. ओढ्याने पलीकडच्या बाजूने वाट काढली होती आणि इतकी वर्षे पाणी आरपार वाहत होते. जड आणि धातूचे तेवढे गाळात राहिले.

मिस्त्रींनी चष्मा पुसला. पहिल्या कपाटात कात्र्या आणि चिमटे, दुसऱ्यात पंपाची एक झडप. ती त्यांनी लगेच ओळखली आणि एखादा जुना कामगार भेटावा तशी मान हलवली. तिसऱ्यात डबे, पट्ट्यांची बक्कले, एक बूट. त्याच्या शेजारी पांढऱ्या कापडावर एक पितळी बिल्ला होता. खाली चिठ्ठी होती: 'क्रमांक सतरा. मूळ मालकाची नोंद उपलब्ध नाही. फळीवरून पडून वाहत आला असावा.'

सगळ्या बिल्ल्यांना वर एक बारीक गोल छिद्र असे. या बिल्ल्याचे छिद्र गोल नव्हते. ते लांबट होते, जवासारखे, आणि त्याच्या कडेला कानशीच्या तीन तिरप्या रेघा होत्या.

"सरकारी दोरी माझ्या मानेला पुरतच नाही रे," जिराफ म्हणाला होता. "बुटाची नाडी घालतो. पण भोकातून जाईना. तू कर ना काहीतरी. कानस काय फक्त पंपासाठीच ठेवलीये?" आणि मिस्त्रींनी पंपघरातल्या उलट्या बादलीवर बसून, त्याची टवाळी करीत, ते छिद्र कानशीने वाढवून दिले होते.

"काय आहे तिथं?" वहिनींनी विचारले.

मंडळी चौथे कपाट पाहून जिन्याकडे निघाली होती. वरून चहाची हाक आली होती आणि आवारात भाषणांची तयारी चालली असावी. लाउडस्पीकरची खरखर खालपर्यंत येत होती. त्यांनी वहिनींना कोपऱ्यातल्या खांबामागच्या बाकावर बसवले आणि स्वतःही बसले. गुडघे खरोखरच दुखत होते.

"भावजी, तुम्ही शब्द दिलाय."

"बिल्ला आहे त्याचा. सतरा नंबर."

वहिनींनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "त्यांचाच कशावरून?"

"भोक मी वाढवून दिलं होतं. माझ्या कानशीची रेघ मला कळते, वहिनी."

"हं." जिन्यावरची पावले विरळ होत गेली. "पण या बाई म्हणतात, फळी रिकामी होती. तुम्ही बघितली होती ना?"

"दोनदा बघितली. सतरावा खिळा रिकामा होता. मला वाटलं, तो वर आला."

"बिल्ला गळ्यातच राहिला असेल." त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "विसरायचेच ते. घराला कुलूप लावून मला आत कोंडून गेले होते एकदा. किल्ली यांच्या खिशात! शेजारीण खिडकीतून भाकरी देत होती मला. संध्याकाळी आले, तर मलाच विचारतात, 'तू बाहेर का नाही गेलीस?'" त्या किंचित हसल्या आणि ते हसू चेहऱ्यावर तसेच राहून गेले. "कशाला उतरले असतील हो परत? जखमी तर वर आले होते ना?"

"काहीतरी राहिलं असेल कुणाचं. कुणी म्हटलं असेल, माझं पाकीट राहिलं, चष्मा राहिला. तो नाही म्हणायचा नाही."

"नाही म्हणायचे नाहीत," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारले, "दारावर हात तरी मारला असेल ना त्यांनी?"

मिस्त्री समोरच्या करड्या रेषेकडे पाहत होते. आतापर्यंत त्यांनी खरे तेच सांगितले होते आणि ते सांगताना जीभ अडखळली नव्हती. "पाण्याचा आवाज फार होता, वहिनी," ते म्हणाले. "काही ऐकू आलं नाही. आणि पाणी इतकं जोरात होतं, की... लगेच गेला असेल. एका क्षणात."

"लगेच?"

"लगेच."

"बरं."

वहिनींनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. "परवा जमलं, तर येऊन तेवढं कुलूप बदलून द्या," त्या म्हणाल्या. "आता कशाला हवंय ते."

मिस्त्रींनी मान हलवली. याच वाक्यासाठी एकेचाळीस वर्षे आपण तेलाची बाटली खिशात घेऊन फिरलो, असे त्यांना वाटले; आणि ते ऐकून सुटल्यासारखे मुळीच वाटत नव्हते.

तेवढ्यात दिवे गेले.

पाठोपाठ वर जिन्याच्या तोंडाशी एक जड, ओळखीचा आवाज झाला आणि चाक फिरू लागले. मिस्त्रींनी तो आवाज पलीकडच्या बाजूने आयुष्यात प्रथमच ऐकला. त्यांचा हात आपोआप कोटाच्या खिशात गेला. बोटांना पत्र्याचे दोन थंड बिल्ले लागले आणि ते त्यांनी मुठीत धरून बाहेर काढले. अकरा आणि बारा.

"भावजी? काय झालं?"

"बिल्ले..." मिस्त्री म्हणाले. "आपले बिल्ले मी अडकवलेच नाहीत. बाईंनी फळी पाहिली असेल."

"अहो, मग हाका मारा ना!"

त्यांच्या तोंडून हाक फुटेना. वहिनींनी अंधारात त्यांची बाही चाचपून धरली. दोघेही उठले. चौदा पायऱ्या मिस्त्रींना काळोखातही पाठ होत्या. ते वहिनींना एकेक पायरी सांगत वर घेऊन गेले. ते दारापाशी पोहोचले, तेव्हा चाक थांबले होते. साडेअकरा. मिस्त्रींनी मूठ उगारली. ती दाराच्या वीतभर अलीकडे थांबली. वहिनींना ती दिसत नव्हती. पण वर गेलेली बाही तिथेच थबकली, हे त्यांच्या बोटांना कळले.

"ठोका ना," त्या म्हणाल्या.

"मला नाही जमत, वहिनी."

वहिनींनी मिस्त्रींच्या दुसऱ्या हातातले बिल्ले काढून घेतले आणि एका बिल्ल्याच्या कडेने दारावर ठोकले. एक. दोन. जरा वेळाने तिसरा.

तिसऱ्याचा नाद विरतो न विरतो तोच चाक उलटे फिरू लागले.

"अगं बाई! आजी! मिस्त्री, तुम्ही?" दार उघडताच मार्गदर्शक बाईंनी कपाळावर हात मारला. मागे आवारातला लाउडस्पीकर कर्णकटू आवाजात वाजत होता. "अहो, फळी तर रिकामी होती! मी नीट बघूनच लावलं हो दार. देवानंच वाचवलं. चहा प्यायला निघालेच होते मी!"

"चूक आमचीच," वहिनी म्हणाल्या. "बिल्ले खिशात राहिले. पण तुम्हाला ऐकू कसं गेलं? एवढं जाड दार, वर हा गोंगाट."

"तेच तर या दाराचं आहे!" बाईंना आता आपला वर्गातला सूर सापडला. "बोललेलं काही ऐकू येत नाही. पण ठोकलं ना, की लोखंडातून थेट या चाकापर्यंत येतं. बाहेर बँड वाजू दे नाहीतर पूर येऊ दे. चाकावर हात असला, तर हाताला सुद्धा कळतं. शाळेची मुलं आली, की मी मुद्दाम करून दाखवते."

वहिनींनी मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्री आपल्या हातांकडे पाहत होते.

वहिनींची बोटे अजून मिस्त्रींच्या बाहीवर होती. ती त्यांनी एकेक करून सोडवावीत तशी काढून घेतली. दाराशेजारी परतीच्या बिल्ल्यांची पेटी होती. अकरा क्रमांकाचा बिल्ला त्यांनी तिच्यात टाकला. मग त्या फळीपुढे उभ्या राहिल्या, चेहरा अगदी जवळ नेऊन खिळ्यांखालचे आकडे त्यांनी बोटाने एकेक करून वाचले, टाचा उंचावल्या आणि हातातला उरलेला बिल्ला सतराव्या खिळ्याला अडकवला.

"आजी, तोही पेटीत टाका," बाई म्हणाल्या. "खिळ्यावर राहिला, तर आत माणूस आहे असा अर्थ होतो."

"माहितेय मला."

त्या निघाल्या. दोन पावलांवर थांबल्या. पण मागे वळल्या नाहीत.

"कुलपाचं राहू द्या, भावजी," त्या म्हणाल्या. "मी बघेन दुसऱ्या कुणाला तरी."

भुयाराच्या तोंडाशी ऊन होते आणि जमीन खडबडीत होती. वहिनी भिंतीला हात लावीत, एकेक पाऊल चाचपीत, एकट्याच त्या उन्हाकडे चालत गेल्या. आवारात सेक्रेटरी लाउडस्पीकरवरून मिस्त्रींना व्यासपीठावर बोलावत होते. दोनशे प्राण वाचवणारे हात, असे काहीसे म्हणत होते, आणि लोक टाळ्या वाजवत होते. मिस्त्री फळीसमोर उभे होते. तेवीस खिळे रिकामे होते.